रक्तात निघालं ते

नगर,
९ एप्रिल १९७२

प्रिय श्रीमंत,

हे पत्र चारचौघांत उघडू नकोस. जेवणाच्या रांगेत असशील तर खिशात ठेव आणि एकटा बसशील तेव्हा वाच. घरची सगळी हकीकत यात आहे, आणि ती जशी घडली तशीच मी सांगणार आहे. शेवटी काय झालं ते बघायला खालची पानं आधी चाळू नकोस. आम्हांला शेवट आधी कुणी सांगितला नव्हता.

मनकर्णेला मी बाळंतपणाला नगरला माझ्याकडं आणलं, ते तुला ठाऊक आहे. तिच्या माहेरी पाथर्डीकडं यंदाही पाऊस नाही. तिचे आईबाप, भाऊ, सगळे घराला कुलूप लावून ऊसतोडीला कोयत्यावर गेलेले, कारखान्याच्या तळावर पालात राहतात. पहिलटकरणीला पालात कुठं पाठवायची? म्हणून आपली आईही कबूल झाली. लढाई पेटली त्याच आठवड्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. भिंगारची छावणी शेजारी म्हणून इकडं कडक अंधार पाळत होते. आमच्या दवाखान्याच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, भर दुपारी प्रसूतीच्या खोलीत कंदील लावावा लागायचा. तुझी पलटण कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. कळ आली की मनकर्णा माझं मनगट धरायची आणि कळ ओसरली की एकच विचारायची, "आक्का, रेडिओवर काय सांगितलं?" मुलगी झाली. आईनं तिचं नाव सोजर ठेवलं, स्वतःच्या आईचं.

त्या थंडीत पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई आमच्याकडं येत होत्या. तीन-चार वर्षांमागं जगभर तापाची साथ फिरली, पेपरवाले तिला हाँगकाँगचा ताप म्हणायचे, तिचा त्या अभ्यास करत होत्या. असा ताप येऊन गेला की माणसाच्या रक्तात त्याच्याशी झुंजणारं काहीतरी मागं उरतं. प्रतिद्रव्यं म्हणतात त्याला. तोच ताप पुन्हा आला तर ती त्याला अडवतात. आईच्या रक्तातली ती नाळेतून बाळात उतरतात आणि बाळाचे पहिले काही महिने त्यांच्या आधारावर निभावतात. किती उतरतात, किती टिकतात, हे बाईंना बघायचं होतं. म्हणून बाळंतिणीचं थोडं रक्त, कापलेल्या नाळेतलं थोडं, आणि तीन महिन्यांनी दोघांचं पुन्हा थोडं. आम्हां नर्सांचंही त्यांनी घेतलं. मनकर्णेला मी हे समजावलं तेव्हा ती दमलेलीच हसली आणि म्हणाली, "घ्या की. तिला माझ्यातलं काय काय मिळालं ते तरी कळंल."

सव्वा महिन्यानं तिला आणि बाळाला मी गावी पोचवून आले. फेब्रुवारीत पुण्याहून छापील पोस्टकार्डं निघाली. ज्यांना पुन्हा बोलवायचं त्या बायकांच्या पत्त्यावर ती गेली. मजकूर असा की आपल्या व बाळाच्या रक्तात प्रतिद्रव्ये आढळून आली आहेत, तरी पुढील तपासणीसाठी बाळासह अमुक तारखेस हजर राहावे. दवाखान्यात कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

पण कार्ड म्हणजे उघडी गोष्ट. आपल्या घरी येईपर्यंत ते पारावर चौघांनी वाचलं. 'प्रतिद्रव्ये' कुणालाच कळलं नाही, 'रक्तात आढळून आली' हे मात्र सगळ्यांना कळलं. वरच्या आळीतल्या त्या बाईला नेवाशाला रक्त तपासून गरमीचा गुप्तरोग निघाला होता आणि नवऱ्यानं तिला नांदवली नाही, हे गाव अजून विसरलेलं नाही. बाईच्या रक्तात दुसरं काय निघणार? त्यातून हिचा नवरा लढाईवर. आईच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण ती आडावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. नगरला येऊन मला विचारावं हे तिला सुचलं नाही असं नाही. पण माझ्याच दवाखान्यात निघालेली गोष्ट, म्हणजे मला ती ठाऊक असणार आणि मी झाकते आहे, असं तिनं धरून ठेवलं.

मग तिनं शाळेतल्या गुरुजींना बोलावून तुला पत्र लिहवलं. सुनेच्या रक्तात वाईट निघालं आहे, तुझं काय म्हणणं ते कळव, तू म्हणशील तसं करू. त्यात काय लिहवलं ते तिनंच मला नंतर सांगितलं. तोवर मनकर्णेची भाकरी वेगळी केली, गोठ्याच्या कोपऱ्यात तिला वाकळ टाकून दिली. मूल मात्र पाजायला तिच्याकडं देत होती. तुझं उत्तर यायचं होतं ना. उत्तर आलं नाही. पोस्टमन रोज दारावरून पुढं जायचा. आईनं त्याचा अर्थ लावला, की लेकाला बोलायचीसुद्धा लाज वाटते, त्याला पटलंय, त्यानं तोंड फिरवलं. एका सकाळी पाजून झाल्यावर तिनं सोजरला उचललं ते पुन्हा मनकर्णेकडं दिलंच नाही. दुधातनं उतरंल, म्हणाली. शेळीच्या दुधात पाणी घालून बोंडल्यानं पाजायला लागली.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. ठरल्या तारखेला बाकीच्या बायका पोरं घेऊन आल्या, आमचीच तेवढी आली नाही. गाडी चुकली असेल असं मी म्हटलं. पुढं काही दिवसांनी आपल्या शेजारची गोजरबाई नातवाचा कान वाहतो म्हणून दवाखान्यात आली. मी सहज विचारलं, आमची सोजर कशी आहे? तिनं पदर तोंडाला लावला.

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय, आक्का? अवो, ती पोर काय आता ऱ्हात न्हाई."

मी अंगावरच्या पांढऱ्या पातळानिशी स्टँडवर गेले आणि मिळेल ती एसटी धरली. फाट्यावर उतरून नदीच्या वाटेनं चालत निघाले. ऊन रखरखत होतं. घराजवळ आले तर आतून आवाज नाही. तीन महिन्यांचं मूल असलेल्या घरात आवाज नाही, श्रीमंत.

सोजर झोळीत होती. डोळे अर्धे उघडे, टाळू वाटीसारखी खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. हगवण थांबत नव्हती, आणि आदल्या रात्रीपासून तिनं लघवी केली नव्हती. आई झोळीशी बसून तिच्या ओठांवर थेंब थेंब दूध सोडत होती आणि रडत होती. आईचा त्या पोरीवर जीव नाही, असं तू कधी मनात आणू नकोस.

मनकर्णा गोठ्यात होती. अंगात ताप, छातीत दूध दगडासारखं साठलेलं, चोळी भिजून भिजून वाळलेली. मला बघून ती उठली नाही. "आक्का, मला काय झालंय?" एवढंच म्हणाली. ते कार्ड तिच्या हाती कुणी दिलं नव्हतं, आणि धड काही सांगितलंही नव्हतं. इतके दिवस ती त्या कोपऱ्यात बसून आपण काय केलं असेल ते आठवून बघत होती.

मी घरात गेले आणि आईपुढं बसले. घरी गेले की माझ्या तोंडी घरचीच बोली येते. "आई, तिच्या रक्तात रोग न्हाई. आप्पांना ज्या तापानं नेलं ना, त्याच तापाची खूण हाय ती. त्यातनं जी उठली तिच्या रक्तात ती ऱ्हाती." तू ते पाहिलं नाहीस, तू तेव्हा पलटणीत होतास. त्या हिवाळ्यात आपलं सगळं घर आडवं होतं. मनकर्णा लग्न होऊन नवी आलेली. स्वतः तापानं फणफणत असताना चुलीपुढं बसून ती आईला पेज भरवत होती. लेक म्हणून तू घालायचं ते शेवटचं पाणीही आप्पांच्या तोंडात तिनंच घातलं. मी हे सगळं आईला बोलून दाखवलं.

"तू सांगशील," आई म्हणाली. "तुझ्याच दवाखान्यात निघालंय. झाकाया आलीस."

"गरमीची तपासनी आमी परत्येक बाळंतिनीची करतो. हिचीबी केली. काईसुदिक न्हाई निघालं. हे येगळं हाय, आई. माझ्याबी रक्तात निघालंय हे."

मी हे बोलले आणि आई माझ्याकडं बघतच राहिली. तुझे भाऊजी जाऊन किती वर्षं झाली ते तुला ठाऊक आहे. मी एकटी शहरात राहते, पुरुष डॉक्टरांच्या बरोबरीनं रात्रपाळ्या करते. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला वाचता आलं. पोटच्या मुलीकडं आई अशी बघू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात मनकर्णा आली. भिंत धरून आली, पण आली. कुणाकडं न बघता तिनं झोळीतनं लेकरू उचललं आणि उंबऱ्यात, रस्त्याकडं तोंड करून बसली.

"ठिव तिला," आई ओरडली. "ठिव म्हन्ते ना!"

"आत्याबाई, मेली तर माझ्या मांडीवर मरंल."

सोजरमध्ये ओढून प्यायची ताकद उरली नव्हती. मी मनकर्णेचं दूध पिळून वाटीत घेतलं. उकळून निवलेल्या पाण्यात साखर आणि मिठाची कणी घातली. एकदा हे, एकदा ते, असं चमच्यानं तिच्या तोंडात सोडायला लागले. निम्मं ओठांवरून ओघळायचं. गल्लीत बायका जमल्या. जवळ कुणी येईना, आणि जाईनाही कुणी. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. सलाईन लावायला हवं होतं आणि नगरची गाडी फाट्यावर यायची वेळ झाली होती. मी तसं म्हणताच आई दारात आडवी उभी राहिली. "दवाखान्यानंच माझं घर बुडीवलं. पुन्ना तिकडं न्हाई न्यायची."

मनकर्णा आईच्या अंगाला घासून बाहेर पडली आणि अनवाणी चालायला लागली. मूल पदराखाली धरलेलं. बायकांनी वाट दिली. मी वाटी सांभाळत तिच्या मागं. मी आधाराला हात पुढं केला की ती मान हलवायची.

आम्ही गाडीत चढलो. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि त्यानं पुन्हा दोरी ओढली. मागनं आई धावत येत होती. डोक्यावर पदर नाही, काखेत सोजरच्या दुपट्यांचं गाठोडं. ती चढली आणि आमच्याजवळ न बसता मागच्या बाकावर जाऊन बसली. घोडेगाव गेल्यावर पोरीचे हातपाय गार लागायला लागले. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले. मनकर्णेनं मला एकदाही काही विचारलं नाही. मागनं आईचाच आवाज आला.

"हाय का गं?"

"हाय," मी म्हटलं.

इमामपूरच्या घाटात पुन्हा, "हाय का?"

"हाय."

नगर येईपर्यंत ती तेवढंच विचारत होती आणि मी तेवढंच सांगत होते. शेवटी शेवटी माझं मलाच खरं वाटत नव्हतं.

दवाखान्यात शीर सापडेना. एवढंसं अंग, सगळ्या शिरा बसलेल्या. आमच्या डॉक्टरांनी डोक्यावरचे केस भादरून तिथली शीर धरली. पुढचे दोन दिवस कुणी काही सांगेना, आणि ज्यांना विचारतात त्यांच्यातलीच मी एक, त्यामुळं मलाही विचारायला कुणी उरलं नव्हतं. मनकर्णा खाटेवर बसून होती, आई खाटेखाली जमिनीवर. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णेनं दुपटं चाचपलं आणि मला हाक मारली. ओलं होतं. आईनं ते तिच्या हातातनं ओढून घेतलं आणि सगळ्या वॉर्डात दाखवत फिरली. लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. संध्याकाळी सोजर ओढून प्यायली. आज ती चांगली आहे, श्रीमंत. मनकर्णेचं दूध उतरतं आहे. पोर पालथी पडते, आवाजाच्या दिशेनं मान वळवते.

त्याच आठवड्यात पुण्याच्या बाई आल्या. मी त्यांना घडलेलं सांगितलं. त्या स्वतः आईपुढं जमिनीवर बसून समजावत राहिल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि दंडावरची चोळी वर सरकवली. "माझंबी काडा." गेल्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं. आईच्या रक्तातही तेच आहे, मनकर्णेपेक्षा जास्त. मी गावी जाऊन तिला सांगितलं, तशी ती उठली आणि गिरणीवर गेली. दळणाच्या रांगेत बायका होत्या, त्यांच्यापुढं उभी राहून म्हणाली, "मलाबी निघालंय. सुनंपरीस जास्ती निघालंय. बोला आता काय बोलायचं ते." मनकर्णेची तिनं माफी मागितलेली नाही, ते तिला येत नाही. पण आता ती आधी मनकर्णेला वाढते आणि मग आपण जेवते. माझ्याशी बोलताना अजून तिची नजर खाली जाते. तेही जाईल हळूहळू.

एवढंच असतं तर गुरुजींनी चार ओळींत तुला कळवलं असतं. मी हे पत्र का लिहिते आहे ते आता सांगते. काल तुझ्या पलटणीतला गहिनीनाथ सुट्टीवर भिंगारला आलेला, तो मला भेटायला दवाखान्यात आला. बस म्हटलं तर बसेना. टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आक्का, श्रीमंतानं एक इचाराया सांगितलंय. वहिनींच्या रक्तात जे निघालं, ते नवऱ्याकडनं आलेलं असंल का?" मी विचारलं, तो असं का विचारतो? गहिनीनाथ जमिनीकडं बघत म्हणाला, "मागल्या साली शिमग्याला सुट्टीवर यायच्या आदी तिकडं एका बाईकडं गेल्ता म्हनं. एकदाच. तवापास्नं त्याच्या डोक्यात हाय." मी म्हटलं, मग हे त्यानं घरी का नाही कळवलं? "भ्याला," तो म्हणाला. त्याच्यावर रागावू नकोस, तू सांगितलंस तेच त्यानं केलं, आणि हे पत्रही मी टपालात न टाकता त्याच्याच हाती देते आहे. आता ऐक. मनकर्णेला तुझ्याकडून काहीही झालेलं नाही. तुझ्या रक्तात काय आहे ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. पलटणीच्या दवाखान्यात जा, स्वतःच्या तोंडानं सांग, रक्त दे. काही निघालंच तर इंजेक्शनं आहेत, बरं होतं. सुट्टी मिळाली की आधी नगरला माझ्याकडं उतर, मग गावाची गाडी धर. मनकर्णेला मी काही बोललेले नाही. ते माझ्या तोंडून यायचं नाही. तू वाईट नाहीस, मी तुला कडेवर वाढवलं आहे. पण काल रात्रीपासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गावाला माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं. दोष असलाच तर तो कुणाकडून आला असेल, हे एवढ्या सगळ्यांत एकट्या तुला माहीत होतं, आणि आईचं पत्र हातात असताना तू गप्प बसलास. आता मनकर्णेला लिही. आईच्या पत्राखाली एखादी ओळ नको. तिच्या नावाचं, वेगळं. तिला वाचता येतं.

तुझीच,
पुष्पाआक्का